फोमचं हरीण

२४ जून, रविवार

प्रिय लोवेल भावजी,

तुमची तब्येत बरी असेल आणि रेल्वेच्या यार्डात ड्युटी नेहमीसारखीच वेळी-अवेळी लागत असेल, असं धरून चालते. मी बरी आहे. शाळेचं स्वयंपाकघर सप्टेंबरपर्यंत बंद, त्यामुळे शाळाभर पोरांऐवजी सध्या एकटीपुरतं रांधते, आणि तेही उरतं. वाटाणा बरा आलाय. कोबी सशांनी खाल्ला. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. पत्राची घंटा वाजत नाही, तेव्हा निदान तिच्याकडे कानाडोळा करायची सोय तुम्हाला नाही.

काम असं आहे, की मला सरावासाठी निशाणाचं हरीण घ्यायचंय.

हसू नका. फ्रीझर तळाला लागलाय. लग्न होऊन या घरात आल्यापासून हिवाळ्यात हरणाचं सॉसेज नाही असं कधी झालं नव्हतं. मार्चमध्ये शेवटचं पाकीट उघडलं आणि मग दुकानातून काहीतरी गुलाबी, पाणचट आणून खाल्लं. तेव्हाच ठरवलं, यंदा आपलं मांस आपण आणायचं. तुमच्या भावाचं, व्हर्लिनचं धनुष्य ओढून पाहिलं, तर दोरी नाकापर्यंतही येईना. मग ऑर्व्हिलच्या दुकानात गेले. त्याने एक वापरलेलं बायकांचं धनुष्य काढून दिलं आणि त्याची ओढ माझ्या ताकदीइतकी उतरवून दिली.

“जमेल तुला,” म्हणाला. “आयुष्यभर पातेली उचलतेस, हात काय कमी आहे?”

“पातेलं पळून जात नाही, ऑर्व्हिल,” मी म्हटलं.

आता जुन्या हरणाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. त्या नोव्हेंबरात माजावर आलेला खरा नर आपल्या अंगणात शिरला, व्हर्लिनच्या फोमच्या नराला आपला वैरी समजला आणि त्याच्यावर तुटून पडला. व्हर्लिन नुसत्या मोज्यांवर झाडू घेऊन बाहेर धावेपर्यंत फोमचं मुंडकं रास्पबेरीच्या झुडपात! पुढे कितीतरी दिवस ते चिकटपट्टीने मानेला बांधून चालवलं. पण आता त्याच्या छातीत नुसतं भोक उरलंय. बाण आरपार जाऊन शेडच्या भिंतीत घुसतो. मी चार फळ्या खराब केल्या आणि मग थांबले.

ऑर्व्हिलकडे चार तऱ्हा आहेत. पहिलं, पूर्ण वाढलेलं, शिंगांचं हरीण. त्याची किंमत ऐकून मी परत बाहेर जाऊन गाडीत बसणार होते. “अगं, पंधरा वर्षं टिकेल,” म्हणे. मी विचारलं, “आणि मी टिकेन, ह्याची हमी देतोस?” दुसरं, स्वस्तातलं, दिसायला गोजिरवाणं, पण बोटाने दाबलं तर खळी पडते. तिसरा, फोमच्या पातळ थरांचा चौकोनी ठोकळा. आणि चौथी, चिंध्या भरायची रिकामी थैली, जी सगळ्यांत स्वस्त. ऑर्व्हिल दुकानदार आहे, तो महागातलंच माझ्या गळ्यात मारणार. व्हर्लिन तर नेहमी म्हणायचा की घेण्याच्या वस्तूंचं लोवेलला विचारावं आणि खाण्याच्या वस्तूंचं आर्लिसला.

म्हणून विचारतेय. येऊन बघून सांगितलंत तर उत्तम. ऑक्टोबरात त्याला पुरलं, त्यानंतर तुम्ही या अंगणात पाऊल टाकलेलं नाही. त्या दिवशी चर्चच्या तळघरात दफनानंतरच्या जेवणाची ताटलीसुद्धा हातात न घेता तुम्ही मागच्या दाराने निघून गेलात, ते मी पाहिलं होतं. ह्या घरात त्याच्या रक्ताचं माणूस म्हणून तुम्ही एकटेच उरलात, आणि तुम्हीही येईनासे झालात. मला ते बरं वाटत नाही. पण त्याबद्दल मी आज विचारत नाहीये. मी हरणाबद्दल विचारतेय.

उत्तर हरणापुरतं दिलंत तरी चालेल.

आर्लिस


२९ जुलै

प्रिय लोवेल भावजी,

तुमचं कार्ड पोचलं. “मोठं घेऊ नका. रोजच्या सरावाला चिंध्यांची थैली. हरीण लहान, पण छातीचा गाभा काढून बदलता येईल असं. थैली भरताना झिपा आणि बटणं कापा. लो.” बस. पूर्वी लोक तारेत ह्याहून जास्त लिहायचे. पण उत्तर आलं. मी ते कार्ड फ्रीजवर लावलंय.

सांगितलंत तसंच केलं. लहान मादी घेतली. तिच्या छातीतला गाभा वडीसारखा बाहेर निघतो. तेवढाच झिजतो, तेवढाच नवा घालायचा, बाकीचं अंग तसंच राहतं. ऑर्व्हिलने जरा नाक मुरडलं, मग विचारलं, “ही अक्कल कुणाची?” तुमचं नाव सांगितलं. “कसा आहे तो?” म्हणाला. मी म्हटलं, कार्ड लिहिण्याइतका बरा आहे.

मादीला शेडच्या उत्तरेला सावलीत उभं केलंय. रोजचे बाण थैलीवर, आणि शेवटचे दोन-तीन तेवढे तिच्यावर. शिकारीच्या बाणाचं धारदार पातं थैलीवर वापरायचं नाही हे मी एक शिवण फाडून शिकले. आणि फोममधून बाण उपसणं हे काय काम आहे हो! आत शिरताना बाण घासून तापतो आणि फोम त्याला धरूनच बसतो. मी तिच्या कुशीला पाय लावून ओढलं, बाण सुटला आणि मी गवतात उताणी. कुंपणापलीकडून शेजारच्या बर्निसचा आवाज आला, “अगं, बिचारीला लाथा कशाला मारतेस? मेलीय ती!” आता बाणाला अंगाचा साबण चोळून मग सोडते. बरा निघतो.

थैलीचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे ते सांगायलाच बसले होते आणि साबणापाशी रेंगाळले.

माझ्या जुन्या चादरी, टॉवेल, शाळेचे एप्रन सगळं कोंबलं, तरी थैली अर्धीच भरली. ढिली राहिली तर बाण मागून बाहेर येतो. मग मी त्याचं कपाट उघडलं. पलंगावर बसून एकेका शर्टाची बटणं कापली. डगल्यांच्या झिपा उसवल्या. खिशांतून लाकडाचा भुसा निघाला, दुसरं काही नाही. मला वाटलं होतं मी रडेन. पण बटणं कापणं हे फार किचकट काम आहे, रडायला उसंत देत नाही. रडले ते थैली टांगून झाल्यावर. पंधरा पावलांवर उभी राहिले, दोरी ओढली, आणि समोर थैलीच्या तोंडातून त्याच्या हिरव्या चौकड्यांच्या शर्टाची बाही डोकावत होती.

पहिला बाण कसाबसा सोडला. दुसरा सोडताना राग आला, भावजी. असा राग, की मी तोंडाने बोलायलाच लागले. “कमरेचा पट्टा गॅरेजच्या खुंटीला टांगून कोण जातं मचाणावर? काचतो म्हणे! काचला असता तर काचला असता रे, झाडाला बांधून घेऊन जिवंत तरी राहिला असतास ना?” बाण संपले की उपसून आणायचे आणि पुन्हा बोलायचं. बर्निस कुंपणापाशी आली, ऐकलं आणि परत घरात गेली. शहाणी बाई आहे ती. दुपार गेली तशी. रात्री दंड सुजला, पण झोप मात्र लागली. कितीतरी महिन्यांनी लागली.

एक गोष्ट लिहू की नको असं करत हे पत्र दोन दिवस टेबलावर पडून आहे. लिहिते. त्या दुपारचे सगळे बाण त्याच्यासाठी नव्हते. काही तुमच्यासाठी होते. का, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. आज ह्याहून जास्त लिहवत नाही.

आर्लिस


३ सप्टेंबर

लोवेल भावजी,

गेल्या पत्राला उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं. असं अर्धवट लिहून मी तुम्हाला महिनाभर टांगून ठेवलं, ते चुकलंच. आता हवा-पाणी, वाटाणा-कोबी काही नाही. सरळ लिहिते.

तुम्ही दोघं दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मचाण उतरवायचात. त्याचे जुने पट्टे फेकून नवे लावायचे, झाडाभोवती आवळायचे, मग दोघांनी वर चढून उड्या मारायच्या आणि खाली येऊन मी भाजलेला ॲपल पाय संपवायचा. तुमच्या वडिलांनी घालून दिलेली शिस्त होती ती. गेल्या वर्षी तुम्हाला जादा ड्युटी लागली. “पुढच्या आठवड्यात नक्की,” म्हणालात. पुढच्या आठवड्यात पुन्हा ड्युटी. “मी आल्याशिवाय चढू नकोस,” असंही म्हणाला होतात, मी फोनवर ऐकलंय. तो “बरं” म्हणाला. मग ऑक्टोबर आला, पानं गळली, हरणं फिरायला लागली आणि त्याला धीर निघाला नाही. उन्हाने कुजलेला पट्टा तुटला आणि मचाणासकट तो खाली आला. शेरीफच्या माणसाने तो तुकडा मला आणून दाखवला. बोटांनी चुरगळला तर त्याची पूड होत होती.

हो, मी तुमच्यावर रागावले होते. हिवाळाभर रागावले होते. तुम्ही फोन उचलत नव्हतात आणि मला आतून सुटल्यासारखं वाटायचं, कारण उचलला असतात तर मी काय बोलले असते ते देव जाणे. जूनमध्ये हरणाचं निमित्त काढलं तेव्हाही राग पुरता गेला नव्हता. फक्त त्याच्याहून आठवण मोठी झाली होती. व्हर्लिनच्या लहानपणाचं मी आता कुणाला विचारू? त्याच्यासारखं खाकरणारं माणूस तुमच्याशिवाय आहे कोण?

तुमचा काही दोष नाही, असं मी लिहिणार नाही. ते पाद्रीबाबा म्हणतील, बर्निस म्हणेल, आणि तुम्हाला त्यातलं एक अक्षर पटणार नाही. तुम्ही येतो म्हणालात आणि आला नाहीत. तो थांबतो म्हणाला आणि थांबला नाही. पट्टे विकणारं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर, कमरेचा पट्टा खुंटीला. दोघं भाऊ एकाच माळेचे मणी. पण त्याचं जे व्हायचं ते एका सकाळी होऊन गेलं, आणि तुम्ही ते रोज सकाळी उठून नव्याने सोसताय. यार्डातल्या तुमच्या सोबत्याने बर्निसच्या भावाला सांगितलं, की लोवेल आता शिडीवर चढत नाही, दिव्याचा बल्बसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेतो. ते ऐकलं आणि माझा उरलासुरला राग गळून गेला. मला हे पुरे झालं, भावजी. तुम्हालाही पुरे होऊ द्या.

आता माझं. वीस पावलांवरून माझे बाण त्या मादीच्या गाभ्यात बसतात, दहात आठ-नऊ. मी परवाना काढलाय. ऑर्व्हिल काल बघून गेला. “जमिनीवरून झालं,” म्हणाला. “आता उंचावरून सराव कर, कोन बदलतो.” खरं आहे. जंगलातही मला जमिनीवर बसून भागणार नाही. वाऱ्यावर माझा वास आला की हरीण फिरकायचं नाही. मला मचाण हवंय.

ऑर्व्हिल म्हणाला, “मी बांधून देतो.” बर्निसच्या नवऱ्याचंही तेच. दोघांची मनं चांगली आहेत, हात चांगले आहेत. दोघांनाही मी नाही म्हटलं. बर्निस चिडली. “मग काय स्वतः बांधणार आहेस? की त्या लोवेलची वाट बघणार आहेस, ज्याच्यामुळे...” पुढचं तिने गिळलं.

“हो, त्याचीच,” मी म्हटलं.

तिला वाटलं, मी तुमच्यावर उपकार करतेय. तसं नाही. मला जिवंत खाली यायचंय. ऑर्व्हिल पट्टा आवळेल, एकदा ओढून बघेल आणि कॉफी प्यायला येईल. तो गेल्यावर मी वर बसेन आणि प्रत्येक करकरीला दचकेन. तुम्ही बांधलेल्या मचाणावर मी दचकणार नाही. आज ह्या भागात माझ्या वजनाखालचा पट्टा तुमच्याइतका जीव तोडून ओढून बघणारा दुसरा माणूस नाही. एकदा बघाल, मग पुन्हा बघाल, गाडीपर्यंत गेल्यावर परत फिराल आणि आणखी एकदा बघाल.

शनिवारी या. पट्टे येताना तुम्हीच आणा, तुम्ही निवडलेले, कोरे. शिडी मी धरते, तुम्ही चढा. वेळ लागला तर लागू दे, मला घाई नाही. मग तुम्ही खाली या, आणि मी चढते.

तुमची वहिनी,
आर्लिस