लॅपटॉपचं कपाळ

आश्विन शु. ६, रवि.
गौरीचा जुना लॅपटॉप गेला एकदाचा. आणि माझ्या ह्या नातीची मुलाखत दसऱ्याला! इथल्या तमिळ मुलखातल्याच ओरगडमच्या ट्रक कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, पण जायचं कुठं नाही, घरीच पडद्यापुढं बसायचं. आमच्या वेळी बघायला येणारे निदान पोहे खायला तरी यायचे.
माझा मुलगा सुधाकर आम्हा दोघींना दुकानात घेऊन गेला. दुकानदार चकचकीत दाखवायला लागला. "पाट्टी, हा बघा, दिसायला भारी."
"आजी म्हणतोस ना, मग खरं सांग. दिसायला आमचा जावईही भारी होता. जागा किती वेळात होतो ते दाखव."
तो जागा होईतो सुधाकरच्या दोन जांभया देऊन झाल्या. शेवटी स्वस्तातला, करडा घेतला. खेळ चालणार नाहीत म्हणे. बरंच की.

शु. ८, मंगळ.
तापतो मेला. पण चालतो. गौरी दिवसभर त्याच्यापुढं इंग्रजीत घोकते. सुधाकरला विचारलं, काय म्हणते? "ती फार शांत स्वभावाची आहे म्हणतेय." सकाळीच चहात साखर कमी म्हणून कप आपटला होता.

शु. ९, बुध.
सरस्वतीपूजा. विळी, स्कूटरची किल्ली, पुस्तकं, सगळं मांडलं. लॅपटॉपही, उघडून, पोथीसारखा.
"आज्जी, उद्या इंटरव्ह्यू आहे. प्रॅक्टिस करू दे ना!"
"पूजेतलं आज उचलत नाहीत. उद्या सकाळी घे."
पाय आपटत गेली. शांत स्वभाव.
सगळ्यांना गंध-कुंकू लावलं. याचं कपाळ कुठं तेच कळेना. मग पडद्याच्या वर मधोमध बारीक ठिपका दिसला, जागा आखून दिल्यासारखा. तिथं चांगलं दाबून लावलं. शोभला.

शु. १०, गुरु. दसरा
काय लिहू.
साहेब आतून म्हणतो, दिसत नाही, कॅमेरा लावा. गौरी म्हणते, लावलाय सर. दोन-तीनदा तेच. मग पोरीनं वर बघितलं. "अय्यो, आज्जी!"
गंध वाळून खडखडीत. पदराला थुंकी लावली, चष्मा वर केला, अगदी जवळ जाऊन खरवडलं. साहेबाला पहिलं दर्शन झालं ते माझ्या नाकाचं.
 मग साहेब तमिळमध्ये, "पूजा झाली का, पाट्टी?"
"झाली. तुमच्याकडं?"
"झाली. आम्ही ट्रकला लावतो, काचेवर नाही."
गौरीनं मला खोलीबाहेर काढलं. पुढचं ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा नाक लाल.
"नोकरी गेली तर तुझ्यामुळं."
"आणि लागली तर?"
दार लावून घेतलं.

शु. १२, शनि.
अबोला चालूच. परवापासून एकच वाक्य बोललीय, "तू ह्याला हात लावायचा नाहीस." निकाल ह्याच डब्यात येणार म्हणे.
आत्ता टुण्ण वाजलं. ती अंघोळीला. पडद्यावर ट्रकचं चित्र, खाली इंग्रजी ओळी. हाका मारल्या, पण नळ धो धो. सुधाकर भाजीला गेलाय, आला की वाचेल म्हटलं.
तेवढ्यात पडदा विझला. स्वस्तातलं, लगेच डोळा लागतो.
नुसतं एक बोट टेकवलं की उठतो, बघितलंय मी. आणि एक बोट म्हणजे काही हात नव्हे.