ओट्याखालची रेघ

भावजी,

‘सरळ नाही तर काय वाकडी जाणार?’ एवढंच मी बोलले, तेही उन्हात, पायाला गोळे आलेले असताना, आणि त्या एका वाक्यावर नगरपालिकेने माझ्या स्वयंपाकघरातून निळी रेघ ओढली. आता म्हणतात, रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर बांधकाम चालणार नाही. दीड मीटर म्हणजे इकडे भांड्यांची मांडणी आणि तिकडे मोरी. मध्ये ओटा. तोडायचा.

हां, नमस्कार राहिला. तुमची तब्येत बरी आहे असं धरून चालते. वाईट असती तर जाऊबाईंनी कळवलं असतं, त्यांच्या पोटात वाईट बातमी टिकत नाही. त्यांचे गुडघे कसे आहेत? माझ्या तब्येतीचं विचारू नका. (तुम्ही विचारत नाहीच. दादा गेले तेव्हा दारात आलात, चपलासुद्धा न काढता परत फिरलात. मी बघत होते.)

तर ऐका. तुमच्या दादांनी तीस वर्षं ह्या गावाला पाणी सोडलं. कुठला पाइप कुठून जातो ते ऑफिसात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. जुना नकाशा वाळवीने खाल्ला होता, आणि हे असताना नकाशा कशाला, असं साहेबच म्हणायचे. मग हे गेले, आणि तिसऱ्या महिन्यात बाजारात पाइप फुटला. बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे पुरलाय ते कुणालाच सांगता येईना. चार दिवस लोक दुकानात विटांवरून जात होते. तेव्हा कुठे साहेबांचे डोळे उघडले, की सगळं कॉम्प्युटरवर घ्यायला हवं. लोकांच्या जागा पिवळ्या रेघांत, त्यावर पाण्याचे पाइप निळ्या रेघांत, सगळं एकावर एक. जागांच्या रेघा विमानासारखी भिरभिरणारी एक चकती वरून फोटो काढून देते. पण पाइप जमिनीखाली, ते चकतीला काय दिसणार? मग आली माझी आठवण. वीस वर्षं ह्यांचा डबा घेऊन खड्ड्याच्या काठाला बसलेली बाई. मी चौथीत दोनदा नापास झालेली, पण ऑफिसची मोटार मला न्यायला दारात उभी राहिली. शेजारीण आठ दिवस बोलली नाही.

माझ्याबरोबर एक नकाशेवाली दिली होती. पोरगी गुणी आहे, उगाच कशाला खोटं बोलू. तिच्या हातात माणसाएवढी काठी, काठीच्या टोकाला पांढरं ताट. ती काठी म्हणे आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठे उभे आहोत ते बोटभर फरकाने सांगते. (मी कुठे उभी आहे ते मला माहीत होतं. मला विचारायचं.) पहिला व्हॉल्व्ह बाजारातला. ह्यांची खूण मला पाठ : सलूनच्या पायरीपासून बारा पावलं, मग डावीकडे तीन. मी मोजली, मजुराने खणलं, निघाली एक फुटकी फरशी आणि कुणाचा तरी चमचा. पुन्हा मोजली, पुन्हा खड्डा, काही नाही. सलूनवाला बाहेर आला, मागून तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं. तिसऱ्या खड्ड्याला माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा पावलं ह्यांची, आणि मोजतेय मी! तुमचे दादा केवढे उंच. मग पदर खोचला आणि भर बाजारात ह्यांच्यासारख्या ढांगा टाकत निघाले, चौपन्न वर्षांची बाई. “मावशी, उडी नका मारू, पाऊल टाका,” ती पोरगी म्हणाली. त्या बाराव्या ढांगेपासून डावीकडे तीन, आणि कुदळ लोखंडावर वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू यायला लागलं म्हणून मी सलूनवाल्यावर खेकसले.

अशा ढांगा टाकत मी अकरा दिवस गाव मोजलं. एकशे चार व्हॉल्व्ह दाखवले, एकही चुकला नाही. शेवटच्या दिवशी आमची गल्ली आली. इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह दाखवला, गिरणीपुढचा दाखवला. पोरीने विचारलं, “मावशी, ह्या दोघांच्या मध्ये लाइन कशी जाते?” आणि मी ते वाक्य बोलून बसले. पोरीने टॅबवर बोट फिरवलं, रेघ ओढली, आम्ही चहा प्यायलो, विषय संपला. महिन्याने पिवळ्या रेघांवर निळ्या ठेवल्या तेव्हा ती रेघ थेट आमच्या मागच्या खोलीतून गेलेली. नोटीस आली.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं, पुसा ती. साहेब म्हणाले, “बाई, एकशे चार ठिकाणी तुमचंच खरं निघालं, मग इथेच कसं खोटं?” घ्या! खरी गोष्ट अशी, की अख्ख्या गावात तेवढाच तुकडा मला माहीत नाही. अठरा वर्षांपूर्वी ती लाइन टाकली तेव्हा मी माहेरी आईच्या उशाशी बसले होते. परत आले तर खड्डा बुजलेला, आणि तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हतात. का, ते ह्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, तुम्हीही नाही. त्यानंतर मागच्या मोकळ्या जागेत ह्यांनी स्वयंपाकघर बांधलं. पाइपवर बांधू नका म्हणून अख्ख्या गावाशी भांडणारा माणूस स्वतःच्या पाइपवर ओटा घालेल का? मला वाटतं नाही घालणार. पण मला वाटून उपयोग नाही. पोरगी म्हणते, खड्ड्यात असलेला कुणी येऊन जागेवर दाखवेल तर रेघ वळवता येईल. शुक्रवारी नकाशा कायम होतो.

बाकी सर्व ठीक. छत गळत नाही, मांजर मेलं.

तुमची वहिनी

ता. क. कळलंच असेल. त्या खड्ड्यात लाइन जोडायला तुम्ही दोघं भाऊच उतरला होतात, त्यातला एक गेला. भांडण कशाचं होतं ते मला नको. पाइप भिंतीला वळसा घालून गेला की सरळ, तेवढं येऊन दाखवा. चपला घालूनच दाखवलंत तरी चालेल.

आणखी एक. सकाळी सहाला पाणी सुटतं तेव्हा ओट्याखाली गडगड होते. हे म्हणायचे, तुझंच पोट वाजतंय. हे गेल्यापासून मी रोज सहाला ओट्याशी उभी राहते. आवाज खालून येतो की भिंतीकडून, ते मला नक्की सांगता येत नाही, आणि खरं सांगते, मी नीट ऐकतही नाही, कारण खालून आला तर काय करू? पण माझ्यासाठी खोटं बोलायला येऊ नका. ह्यांच्या नकाशात चुकीची रेघ मला नको, त्यांनी ओटा पाइपवर घातला असेल तरी नको. सरळ असेल तर सरळ लिहा, मी भांडी काढायला घेते. काय ते बुधवारपर्यंत कळवा.