सिंधूताईंची संमती

१ सप्टेंबर २०२१, मेहकर.
आजपासून मी दूरचिकित्सक. पुण्याच्या एका कंपनीने व्हिडिओवरून रुग्ण तपासण्यासाठी मला महिनाभर चाचणीवर घेतले आहे. नियम चार: रुग्णाची ओळख, संमती, नोंद, पावती. महिनाअखेर तपासणी. निर्दोष ठरलो तर वर्षाचा करार. निर्दोषत्व हा माझा स्थायीभाव असल्याने करार फ्रेम करून टांगण्यासाठी भिंतीवर खिळा ठोकला. शाहीन सिस्टर (दवाखान्यात अठरा वर्षे, पैकी अठरा शंकेखोर) म्हणाली, डॉक्टरसाब, खिळा नंतर ठोकला असता. श्रद्धेचा अभाव.

३ सप्टेंबर.
पहिला कॉल, नुसता नावनोंदणीचा. सिंधूताई, वय ५४, हिवरा आश्रमापलीकडची वस्ती. तिथे नेटवर्क फक्त त्यांच्या गच्चीवर, तेही पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभे राहिल्यास. संमती समजवायला 'अनुमती', 'अभिसंमती', 'स्वेच्छा' असे तिन्ही शब्द वापरून पाहिले, बोध होईना. अखेर सूत्ररूपाने सांगितले: कंपनीने काहीही विचारले तरी उत्तर 'हाव', म्हणजे त्यांच्या बोलीतले 'हो'. कळले का? म्हणाल्या, हाव. कुशाग्र स्त्री.

९ सप्टेंबर.
कीर्ती पसरली. अख्खी वस्ती टाकीपाशी रांग लावते, फोन सिंधूताईंचाच. कचरूचा खोकला. रुख्मिणीचा सातवा महिना. भगवानरावांचे प्रोस्टेट. संगणक नंबर ओळखून नाव स्वतःच भरतो. शाहीन म्हणाली, हर कॉलले नाव बदलावं लागते, नाही तर सगळे सिंधूताईच होतील. अन् करार गेला तर या लोकायले साध्या खोकल्यासाठी मजुरी बुडवून एसटीनं मेहकरले यावं लागंल. मी समजावले की यंत्र मानवी प्रमादापासून मुक्त असते. तिने शाळेची वही आणून त्यात खरी नावे लिहायला घेतली. छंद असावा.

१७ सप्टेंबर, दुपारी २.
इंद्रभान. कपाशीवर फवारणी करता करता चक्कर, तोंडाला लाळ, डोळ्यांतून धारा. हे बीटी बियाणे बोंडअळीला दाद देत नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. अळीला कोणी कळवले नाही. मी निदानाचे वाक्य जुळवत असताना शाहीनने फोन हिसकावला आणि ओरडली की पह्यले त्याचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, १०८ बोलवा, दवाखान्यात न्या. वाक्यरचना सैल. आशय माझाच.

सायं. ७.
इंद्रभान धोक्याबाहेर. माझ्या मार्गदर्शनाला यश. नोंद यथाविधी झाली, सिंधूताईंच्या नावे.

२९ सप्टेंबर.
उद्या तपासणी. शाहीन वही घेऊन आली. म्हणाली, साठ नावं आहेत, चुकलं म्हणून कंपनीले आत्ताच कळवू अन् रातोरात दुरुस्ती पाठवू. मी म्हणालो, निर्दोष मनुष्याने दुरुस्ती पाठवणे हेच संशयास्पद. निश्चिंत झोपणार.

३० सप्टेंबर.
कंपनीच्या बाईंचा फोन. मार्दव शून्य. म्हणाल्या, सिंधूताई नामक एकच रुग्ण महिन्यात साठ वेळा तपासली गेली असून तिला सातवा महिना, वाढलेले प्रोस्टेट आणि विषबाधा आहे. मी बाणेदारपणे म्हणालो, रुग्णालाच विचारा. विचारले होते. गरोदर आहात? हाव. प्रोस्टेटचा त्रास? हाव. साठही वेळा तुम्हीच होता? हाव. हे उत्तर डॉक्टरांनी शिकवले? हाव. मग डॉक्टरांची सेवा बंद करू? हाव.
वहीचा उल्लेख केला. म्हणाल्या, वही आधी दाखवायची होती. करार नाही.

४ ऑक्टोबर.
कचरू एसटीने आला. वेचणीचा दिवस बुडाला. खोकला तोच. त्याने विचारले, फोन काऊन बंद केला, साहेब? मी तांत्रिक कारण सांगितले. शाहीनने माझ्याकडे पाहत त्या खिळ्याला वही टांगली.

सायं. ६.
माझ्या खासगी फोनवर सिंधूताई. महिन्याभरात प्रथमच आजार त्यांचा स्वतःचा: गुडघा. नियमानुसार आधी ओळख पटवायला घेतली. विचारले, आपण स्वतः सिंधूताईच ना?
म्हणाल्या, हाव.
फोन शाहीनकडे दिला.