बेगिमाय कुणाकडे उतरणार

फ्रुंझे, ५ जून १९८३

तीर्थस्वरूप बातमा जाऊबाईंना,
झिपारचा सलाम, वि. वि.

गावाकडची खुशाली कुणी कळवत नाही, म्हणून मीच पत्र लिहायला बसले. बेगिमाय ऑगस्टमध्ये इथल्या मेडिकलची प्रवेशपरीक्षा देणार असल्याचं ह्यांना परवा कळलं. कुणाकडून, तर अत-बाशीच्या बसच्या ड्रायव्हरकडून! सतरा वर्षांची मुलगी शहरात शिकायला येते आणि जिच्या पोटी ती जन्मली तिला हे ड्रायव्हरच्या तोंडून ऐकावं लागतं. पहिलं मूल थोरल्या घरी द्यायची आपल्याकडे रीत आहे, मला मान्य आहे. पण कळवू नका असं काही रीत सांगत नाही.

असो. मी माझ्या दोन्ही मुलांची खोली रिकामी केली आहे. ते बैठकीत झोपतील. भिंतींना फिकट हिरवा रंग दिला, लोखंडी पलंग आणला, मी कामाला जाते त्या शिवणकारखान्यातल्या उरलेल्या कापडाचे पडदे शिवले. शेजारणींना सांगून ठेवलंय की माझी मुलगी येतेय. तेव्हा चारचौघांत तिने मला 'काकू' म्हणू नये, एवढं तिला समजावून पाठवा. आणि कुरूताची पिशवी नको. गेल्या वेळी त्या वाळक्या दह्याचा वास अख्ख्या जिन्यात राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅसवाल्याला बोलावलं होतं.

आमचा लोभ पूर्वीइतकाच आहे. तो किती, ते तुम्ही जाणताच.

आपली,
झिपार

——

अत-बाशी, १४ जून १९८३

चि. सौ. झिपारला,
बातमाचे आशीर्वाद, वि. वि.

थोरलीने धाकटीला आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून दिले. तुझं पत्र पोचलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पत्र दुसऱ्याकडून वाचून घेते, दुसऱ्याकडूनच लिहून घेते. तेव्हा तू जे लिहिशील ते तिसऱ्या माणसाच्या कानावर जातं, हे ध्यानात ठेव आणि तोंड सांभाळ.

सतरा वर्षांत तू पाच वेळा आलीस. एकदा रडणारी बाहुली आणलीस, ती दोन दिवसांत रडायची थांबली. एकदा बूट आणलेस, ते दोन मापं लहान निघाले. पोरीचा पाय केवढा झाला हेही जिला ठाऊक नाही ती आता भिंती रंगवतेय. रंगव. तुझ्या मुलांना छान झोप लागेल.

बेगिमाय होस्टेलात राहील. होस्टेलात चार गावांच्या चार पोरी असतात, पण त्यातली कुणी 'मला आई म्हण' असं म्हणत नाही. मी तिच्यासाठी लोकर पिंजून गादी भरलीय. दिसत नाही, तर बोटांनी चाचपून टाके घातले. लोकर दाबून केलेल्या नमद्याची बंडी तयार आहे. कुरूताच्या एकीच्या जागी दोन पिशव्या देणार आहे. खालच्या बाईंचं नाक एवढं नाजूक असेल तर त्यात कापूस घालायला सांग.

आमचे हे मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर गेलेत, त्यामुळे त्यांचा नमस्कार नाही.

तुझी थोरली जाऊ,
बातमा

——

फ्रुंझे, २२ जून १९८३

ती. जाऊबाईंना,
सलाम, वि. वि.

तुमचं पत्र कोण लिहितं ते मी ओळखलं. टपालकचेरीतली कानिमेत. असलं रेखीव अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं आहे? तिला माझ्या वतीने सांगा, ऐकायचं ते ऐक, पण बसस्टँडवर वाटत सुटू नकोस.

होस्टेल मी जाऊन पाहून आले. मजल्यावरच्या पन्नास पोरींत दोन चुली. गरम पाणी गुरुवारी. मेडिकलचा अभ्यास म्हणजे गादी भरणं नव्हे, की अंधारात चाचपून जमेल. मुलीला टेबल लागतं, दिवा लागतो, वेळेवर ताट लागतं. आणि ती नमद्याची बंडी! अहो, इथल्या पोरी तिला बघून तोंडावर वही धरून हसतील. मी तिच्यासाठी निळा कोट शिवलाय, कारखान्यातल्या सर्वांत चांगल्या कापडाचा. माप मिळालं नाही म्हणून स्वतःच्या अंगावर घालून बघितला.

तुम्ही तिला जपलंत, नाही म्हणत नाही. पण मेंढीसारखी वाढवलीत. खायला घातलंत, थंडीत आत घेतलंत, झालं. चार माणसांत कसं बसावं, कसं बोलावं, हे आता मला पहिल्यापासून शिकवावं लागणार.

राग मानू नये, असं लिहायची पद्धत आहे. मानायचा तर माना.

झिपार

——

अत-बाशी, ३० जून १९८३

झिपारला, वि. वि.

मेंढीसारखी वाढवली म्हणालीस. खरं आहे. मेंढीने पिल्लू टाकलं की ते आम्ही दुसऱ्या मेंढीजवळ नेतो. दहातल्या नऊ जणी लाथ मारतात. एखादी पाजते. मी लाथ मारली नाही.

बाकी सर्व ठीक. पोरगी शाळेत पहिली आली. चार माणसांत कसं बसावं हे तिला येत नसूनही.

बातमा

——

फ्रुंझे, ९ जुलै १९८३

जाऊबाई,

आज सलाम नाही, वि. वि. नाही.

'टाकलं' हा शब्द तुम्ही उच्चारलात आणि त्या कानिमेतने तो लिहिला. आता तिनेच हेही वाचावं आणि तुम्ही ऐकावं.

मी एकोणीस वर्षांची होते. पोर चाळीस दिवसांची झाली त्या दिवशी सासूबाईंनी तिला माझ्या मांडीवरून उचललं आणि तुमच्या घरात नेलं. मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला ह्यांच्याकडे फ्रुंझेला पाठवायला बसमध्ये बसवलं. डोलोनच्या घाटात बस बंद पडली, तीन तास तिथे थांबलो. माझं पोलकं पुढून भिजून वर थंडीने कडक झालं होतं. शेजारी बसलेल्या म्हातारीने स्वतःची शाल काढून माझ्या छातीला करकचून बांधली. आपल्या घरातल्या कुणी तेवढंही केलं नाही.

आणि तुम्हाला आठवत असेल, त्या बसमध्ये चढण्याआधी मी स्टँडवरून पळत परत आले होते. तुमच्या दारावर थापा मारल्या. आतून सासूबाई म्हणाल्या, घरात कुणी नाही, बातमा बाळाला घेऊन माहेरी गेलीय. मी विश्वास ठेवला. याला टाकणं म्हणतात का?

मुलगी माझ्या घरी उतरेल. या विषयावर हे माझं शेवटचं पत्र.

झिपार

——

अत-बाशी, १८ जुलै १९८३

झिपार,

मी माहेरी गेले नव्हते. मी दाराला पाठ लावून उभी होते.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि माझी कूस उजवली नव्हती. लग्नघरात नव्या नवरीच्या डोक्यावर रुमाल बांधायला लेकुरवाळ्या बाया पुढे बोलावतात, तेव्हा मला चहाकडे बघायला पाठवायच्या. मलाही कुणी काही विचारलं नाही. सासूबाई आल्या, पोर मांडीवर ठेवली, म्हणाल्या, ही घे, रडू आवर. पोर भुकेली होती. दुसऱ्या दिवशीही मी घोडीचं दूध पातळ करून बोळ्याने पाजत होते आणि ती तोंड फिरवत होती. तेवढ्यात तू आलीस.

तुझा आवाज ऐकून ती गप्प झाली. चाळीस दिवसांचं पोर, पण तिला कळलं. मला वाटलं, दार उघडलं तर संपलं. सासूबाईंना मीच खूण केली की सांगा कुणी नाही. तू किती वेळ थापा मारल्यास ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक थाप माझ्या पाठीला लागत होती.

मी दार उघडलं नाही. आज तू परत आलीस तरी उघडणार नाही. हे पाप असेल तर माझं आहे, मी ते कुणावर ढकलत नाही. पण पोर टाकली हे मी बोलले, ते खोटं होतं. तेवढं मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

मुलगी होस्टेलातच राहील.

बातमा

——

अत-बाशी, २० जुलै १९८३

ती. काकूंना,
बेगिमायचा नमस्कार, वि. वि.

मायना काय लिहावा यावर बराच वेळ गेला. शेवटी जे नेहमी म्हणते तेच लिहिलं.

अक्षर बघून तुमच्या लक्षात आलं असेल. कानिमेतताईची हिवाळ्यातच नारीनला बदली झाली. तुमची सगळी पत्रं आईला मी वाचून दाखवली आणि आईची सगळी पत्रं मी लिहिली. माझ्या वर्गातल्या पोरींना त्यांच्या आया विचारतात, कुठला कोट हवा. माझ्याबद्दल मात्र मी समोर असूनही नसल्यासारखं बोलणं चाललं होतं, आणि शाई भरायचं काम माझ्याकडे होतं.

बसचं पत्र आलं तेव्हा मी मध्येच थांबले. आई म्हणाली, का थांबलीस? मी म्हटलं, पुढचं अक्षर पुसट आहे. ती म्हणाली, खोटं बोलू नकोस, पुसट असलं की तू कागद घेऊन खिडकीशी जातेस, आज जागची हलली नाहीस. वाच. मी वाचलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, कागद घे. दाराचं सांगायला लागली तेव्हा मी पेन ठेवलं. ती म्हणाली, तू दाराच्या आतल्या बाजूला होतीस, साक्षीदार आहेस, लिही.

त्या पत्रातली एक ओळ मी गाळली. आई म्हणाली होती, "लिही, तिच्या जागी मी असते तर दार तोडलं असतं." मी ती लिहिली नाही, कारण ती ऐकल्यावर मला आईपेक्षा तुमचाच जास्त राग आला. काकू, तुम्ही का नाही तोडलंत? ते दार मी रोज बघते. साधं पातळ फळ्यांचं आहे.

आता माझं ठरलं आहे ते सांगते, दोघींपैकी कुणी विचारलं नसलं तरी. सत्तावीस तारखेच्या बसने येते. परीक्षेपुरती तुमच्याकडे उतरेन. पास झाले तर होस्टेलात जाईन. तुम्हाला काकूच म्हणेन, शेजारणींसमोरही. कुरूत आणणार आहे, कारण मला आवडतो. कोटाचं माप सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. हे पत्र आईला वाचून दाखवलं आहे. तिने काही बदलायला सांगितलं नाही.

आपली,
बेगिमाय

——

फ्रुंझे, ७ सप्टेंबर १९८३

ती. जाऊबाईंना,
सलाम, वि. वि.

तुम्ही तिच्याकडून लिहून घेतलंत! मी दीड महिना हा राग गिळतेय, पण तो खाली उतरत नाही. दुसऱ्याकडून वाचून घेते, असं तुम्ही पहिल्याच पत्रात बजावलं होतं. म्हणून तर राग दुप्पट येतो, कारण अर्धा माझाच मला येतो. ते पोलकं, ती शाल, हे सगळं पोरीने स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचलं. तुम्ही तिला थांबवायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, वाच.

मुलगी पास झाली, हे तुम्हाला तारेने कळलंच असेल. अर्ज भरताना मी तिच्या शेजारी उभी होते. आईचं नाव या रकान्यात तिने तुमचं नाव लिहिलं, रेखीव अक्षरात, न थांबता. मी खिडकीतून बाहेर बघितलं. अठ्ठावीस ऑगस्टला गादी गुंडाळून होस्टेलात गेली. हिरवी खोली रिकामी आहे. मुलं विचारतात, परत आत झोपू का? मी अजून हो म्हटलेलं नाही.

दार का नाही तोडलं, हे तिने मला इथेही विचारलं. आल्या आल्या नाही, चौथ्या दिवशी, दोघी भांडी विसळत होतो तेव्हा. मी म्हटलं, मी एकोणीस वर्षांची होते गं. ती म्हणाली, मी सतराची आहे, मी तोडलं असतं. मी विसळलेलं ताट परत विसळायला घेतलं.

आता कामाचं. कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे नव्या पोरींना बीट काढायला शेतावर नेलं होतं. तिथल्या वाऱ्याने तिचा कान धरलाय. काल आमच्याकडे आली, ठणकत असूनही जेवायला बसली, घास चावता येईना. दवाखान्यातले थेंब घातले, उतार नाही. घरी असताना काय करायचीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, आईला माहीत आहे. परत विचारलं, परत तेच.

मला माहीत नाही, जाऊबाई. तुम्हाला माहीत असेल तर लिहा. तुमच्याकडे हे एवढंच मागते. बाकीचं भांडण आहे तिथे राहू द्या.

झिपार

——

अत-बाशी, १४ सप्टेंबर १९८३

झिपारला, वि. वि.

जाडं मीठ तव्यावर भाज, बोटाला सोसेल इतकंच. लोकरीच्या मोज्यात भर, गाठ मार. कानावर ठेवू नकोस, कानामागे ठेव. निवालं की बदल. सासूबाई कानात तेल घालायच्या, ते करू नकोस, तिला त्याने चक्कर येते. दोन दिवस डोकं धुऊ देऊ नकोस, ती ऐकणार नाही, पाणी लपव.

दुखतंय असं ती कधी म्हणत नाही. उजवा हात मानेवर गेला की समजायचं दुखतंय. 'ठीक आहे' म्हणाली तर ठीक नाही. काहीच बोलली नाही तर ठीक आहे. रागावली की भांडी घासायला घेते, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. तू भांडी विसळताना बोललीस, तेच चुकलं.

(हे कासिमअली लिहितोय. मेंढरं खाली आणून मला दोनच दिवस झाले. हिने हा कागद तीनदा फाडायला लावला. पहिल्या दोन कागदांवर शिव्या होत्या, तिसऱ्यावर फक्त मीठ होतं. मुलीला माझा आशीर्वाद सांग.)

ह्यांनी मध्येच काहीतरी खरडलंय, ते मला दिसत नाही. काय लिहिलंय ते सांगतही नाहीत.

तुझ्या मागच्या पत्रात तू म्हणालीस, मी तिला वाचायला लावायला नको होतं. मला वाटलं होतं, परक्याच्या तोंडून कळण्याआधी तिला आमच्या दोघींच्या तोंडून कळावं. चुकलं असेल. पोरगी गेल्यापासून हे येईतो घरात वाचायला कुणी नव्हतं, आणि बोलायला आता हे, म्हणजे अजूनही कुणी नाहीच.

आणि शेवटचं. हे वाचून पोरगी मी तुझ्याकडे परत दिली, असं मनात आणू नकोस. मी फक्त तिच्या कानाचं सांगितलंय.

बातमा