पुढच्या नाताळला या

१० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गेल्या हिवाळ्यात हातमोजे न घालता बाहेर पडायचीस हे वाचून आबा तुझ्यावर जाम उखडलेत.

आता मुद्द्याचं. यंदाचा नाताळ तुझ्याकडे करायचा, असं आबांनी डोक्यात घेतलंय. आकाशातून बर्फ पडताना बघायचा म्हणे! अगं, ज्या माणसाने सगळी हयात बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात घालवली, ज्याला घरी पाण्यात बर्फाचा खडा टाकलेला चालत नाही, त्याला आता बर्फाचे डोहाळे लागलेत. मी म्हटलं, उन्हाळ्यात जाऊ, तुम्हाला थंडी सोसायची नाही. तर म्हणतात यंदाच, आणि बर्फातच. तुझ्या घराच्या त्या मोठ्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसणार आहेत. शिंप्याकडून जाडजूड कोटही शिवून घेतलाय. तो घालून घरभर फिरतात, अगदी पिंप दिसतात.

मी सोबत येईन, शाळेत रजेचं बोलून ठेवलंय. जावईबापूंना विचार आणि लगेच कळव. नाही म्हणू नकोस गं. या खेपेला तरी नको.

जीव लावतेस तशीच लावत राहा.
तुझी ताई

२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. हे फक्त तुला लिहितेय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून साऱ्या गावाचं ऐकलंस आणि पोटात ठेवलंस, तेवढं माझंही ठेव.

मोठ्या खिडकीचं ते घर आता माझं नाही. तुझे जावई गेल्या हिवाळ्यातच निघून गेले, दुसरीकडे संसार थाटलाय. मी एका लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते आणि तिच्याच वरच्या खोलीत राहते. खालच्या वाफेने भिंतींना ओल आलीय, अंथरूण कायम दमट. दिवसभर यंत्रं धडधडत असतात. घरी लिहिते ती सगळी जुनी मजा, आठवून आठवून.

आणि आता आबा यायचं म्हणतात. मला या खोलीत बघून ते खचतील गं. माझं लग्न त्यांनी किती हौसेने करून दिलं होतं. नाही म्हणायला जीभ रेटत नाही आणि हो म्हणायला तोंड नाही. काय करू ते तूच सांग. ताईला आणि आबांना यातलं काही कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे.

तुझा हात पाठीवर असू दे.
तुझी धाकटी

१४ सप्टेंबर

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. रड हवं तेवढं, पण जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझ्या बापाला मी ओळखते. कारखान्यात पायावर लादी पडली तेव्हा हूं की चूं केलं नाही, पण तुला साधा ताप आला की घर डोक्यावर घ्यायचा. तेव्हा सध्या ताईला लिही, घराचं काम काढलंय, पुढच्या नाताळला या. वर्षभरात तुझं बस्तान बसेल. बर्फ काही पळून जात नाही. माझ्याकडून चकार शब्द जायचा नाही. एका तारेवरचं बोलणं मी कधी दुसऱ्या तारेवर नेलं नाही, ते आता कशाला नेईन?

पत्रात खंड पाडू नकोस.
तुझी आत्या

९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. धाकटीचं उत्तर आलं. घराचं काम काढलंय, रंग लावायचाय, पुढच्या नाताळला या म्हणते. आबांना वाचून दाखवलं. त्यांनी कोट खुंटीला टांगला.

तुला खरं सांगते. आबांची नजर चाललीय. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे, त्यावर इलाज नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा हिवाळा दिसेल, पुढचा दिसायचा नाही. घाई होती ती त्यासाठी. पण धाकटीला कळवायचं नाही, ती परमुलखात झुरत बसेल, असं आबांनीच मला बजावलंय. आता माझी झोप उडालीय. घराला रंग लावायचा तर लाव बाई, आम्ही त्या रंगाच्या वासात झोपू! तिचा राग येतो, मग माझाच येतो. आत्या, लिहू का तिला सगळं? तू म्हणशील तसं करते.

तुझ्या शब्दाची वाट बघतेय.
तुझी थोरली

२१ ऑक्टोबर

चि. थोरले,
अनेक आशीर्वाद. कितीदा उत्तर लिहायला बसले आणि उठले. अन्न गोड लागत नाही.

धाकटीवर रागावू नकोस. तिची अडचण रंगाची नाही, याहून जास्त मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय. आणि तुझ्या बापाने तुला गप्प बसायला सांगितलंय, तर तू त्याचा शब्द मोड असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? थोडी थांब. डॉक्टर एक सांगतात आणि होतं भलतंच, असंही असतं.

सगळ्यांना सांभाळ.
तुझी आत्या

२६ डिसेंबर, पुढच्या वर्षीचा

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. अक्षर धाकटीचं आहे, बोलणं माझं. एकही शब्द गाळायचा नाही असं तिला बजावलंय, आणि पोरगी नाक ओढत का होईना, लिहितेय.

उन्हाळ्यात मला दिसायचं बंद झालं. थोरलीने न राहवून कळवलं, तशी उलट टपाली धाकटीनेही आपलं सगळं लिहिलं. मग लपवायला काय उरलं? कोट चढवला आणि थोरलीचा हात धरून आलो. खोलीत ओल आहे, खाली यंत्रं धडधडतात. मला अगदी कारखान्यात असल्यासारखी झोप लागते. यासाठी मला वर्षभर लांब ठेवलं? मी जन्म ओलीतच काढला, अक्का. थोरलीचं तोंड मीच बंद केलं होतं, तेव्हा तुला बोल लावायचा हक्क मला नाही. तरी लावतो. दोघी काय लपवतायत ते एकट्या तुला ठाऊक होतं. शब्द मोडायचा होतास. मला तुझा फार राग आलाय.

काल बर्फ पडला. पोरींनी मला दारात उभं केलं. तोंडावर गार लागतं, वजन नाही, आवाज नाही. तो बघायचा राहिला याचं मला काही नाही, मी आयुष्यभर बर्फच बघितला. ते निमित्त होतं. नुसतं पोरीला बघायचंय म्हटलं असतं तर तिला तिथेच शंका आली असती. डोळे आहेत तोवर तिला एकदा डोळाभर बघायचं होतं, बस.

काल तिच्या तोंडावरून हात फिरवला. मला आठवते ती गुबगुबीत गालांची. हाताला हाडं लागली. थोरलीला बाजूला घेऊन विचारलं, कशी दिसते गं? म्हणाली, आहे तशीच आहे, आबा.

रागावलोय म्हणून पत्र थांबवू नकोस.
तुझा भाऊ