सहा पौंड सैल

सनीव्हेल, मंगळवार, जुलै २००४

इल्झे आज जिंकली आणि मला काही आनंद होईना. स्पर्धेपुरती ही लाटव्हियाची टेनिसपटू आणि तिची कोच असलेली आई आमच्याकडे उतरल्या आहेत. रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओवून ताणायचं काम, मीच गॅरेजमधल्या मशीनवर करून देतो. काल ती हळूच म्हणाली, "काका, ताण सहा पौंडांनी कमी करा. आईला सांगू नका." तारा सैल असल्या की खांद्याला झटका कमी बसतो. म्हणजे खांदा दुखावलाय. एकोणीस वर्षांची पोर! उजव्या हाताने खेळते, पण सकाळी केस डाव्या हाताने विंचरत होती. आईला दिसत नाही?

नाश्त्याला आईने विचारलं, "ताण नेहमीचाच ना?" मी सरळ हो म्हणून मोकळा झालो. का? शब्द दिला होता म्हणून, की चांगला काका व्हायचं होतं म्हणून? स्वतःची मुलगी असती तर गप्प बसलो असतो?

हरली असती तर सुटली असती. आता उद्या पुन्हा मॅच. संध्याकाळी आईने खुशीत माझी पाठ थोपटली, "तुमच्या गटिंगने जिंकलो!" तिच्यामागे इल्झे उभी होती, रॅकेट डाव्या हातात. तिने हळूच चार बोटं दाखवली. अजून चार कमी.

आणि मी मान डोलावली.