दाराबाहेरचा नंबर

तीर्थस्वरूप भाऊजी यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी पाचच अंगं जमिनीला लागतात. उरलेली तीन मनाने टेकली, असं समजून घ्यावं.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची गरज नाही, कारण दर रविवारी ताईचा फोन आला की मागे बसून तुम्ही खोकता ते मला स्वच्छ ऐकू येतं. मागच्या महिन्यात खोकला सुका होता, आता ओला वाटतो. दाखवून घ्या. ताई म्हणते, हे बरे आहेत. मी म्हणतो, विचारलंय म्हणून सांग. ती तिथल्या तिथे मान वळवून सांगते आणि तुम्ही परत खोकता. बारा वर्षं आपलं संभाषण हे असं चाललं आहे. माझ्या एकुलत्या एका बहिणीच्या मानेवर एवढा भार टाकणं बरं नव्हे, म्हणून आज कागद घेऊन बसलो.

पत्रास कारण की, आपली वेबसाइट येत्या सोमवारी बंद होत आहे. 'आपली' असं मुद्दाम लिहिलंय. भांडणात ती 'तुझी साइट' आणि 'तुमची साइट' अशी दोघांनी एकमेकांच्या गळ्यात मारली होती, पण बारसं दोघांनी मिळून केलं होतं हे विसरून चालणार नाही.

मला काल सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण ते रविवार आठवतात. दुकानाच्या मागच्या खोलीत, किल्ल्या कापायच्या मशीनशेजारी तो कॉम्प्युटर, त्यावर ताईने शिवलेलं फुलाफुलांचं आवरण (ते काढताना तुम्ही टोपी काढल्यासारखं काढायचात), आणि कीबोर्डात सतत पितळेचा कीस. तुम्ही पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीतले, पंचेचाळिसाव्या वर्षी उशीएवढं जाड पुस्तक विकत आणून वेबसाइट शिकलात. मी कुलुपं उघडणारा माणूस, माझं काम तुमच्या मागे उभं राहून 'वा' म्हणणं. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं. म्हणजे आपण साइटवर काम करत असलो की दुकानाचा फोन लागायचा नाही. लोकांचे फोन यावेत म्हणून साइट, आणि साइटपायी फोन बंद! हे आपल्यासारख्या दोन हुशार माणसांच्या लक्षात यायला चार महिने लागले.

काय साइट होती भाऊजी! जांभळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. (जांभळ्यावरचं पिवळं लांबून वाचता येतं, हे तुमचं पुलावरच्या पाट्यांचं ज्ञान. कॉम्प्युटर माणूस हातभर अंतरावरून बघतो हे मी बोललो नाही, मेव्हण्याने बोलायचं नसतं.) वर डावीकडून उजवीकडे सरकणारी 'आपले स्वागत असो' ही पट्टी, जी वाचून होईपर्यंत निघून जायची. एका कोपऱ्यात 'नवीन!' असं सतत लुकलुकत असे. ते सात वर्षं लुकलुकलं. नवीन काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मधोमध ते दार.

त्या दाराची सर कशालाच नाही. सागवानी दार, त्याच्या रेषान् रेषा तुम्ही आधी कागदावर काढलेल्या. बाजूला सात किल्ल्यांचा जुडगा. आलेल्या माणसाने माउसने एक एक किल्ली उचलून कुलपाला लावून बघायची, बरोबर लागली की दार करकरत उघडायचं आणि आत सगळी माहिती. तेव्हाच्या त्या फ्लॅश तंत्रात हे करायला तुम्हाला पाच महिने लागले. ती करकर तर विसरणं शक्यच नाही. मागच्या संडासाचं दार ते! तुम्ही माईक धरून उभे आणि मी आतून उघडतोय, लावतोय, उघडतोय, लावतोय. सतरा वेळा. सोळाव्या वेळेला शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर पोटाचं औषध घेऊन आला. फुकट आलं म्हणून तुम्ही ठेवून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच लागलं, ही गोष्ट ताईला अजून माहीत नाही.

आणि खाली तो आकडा. किती जण येऊन गेले ते मोजणारा. सुरुवातीला मी दुकानात एकटा असलो की साइट उघड-बंद करून आकडा वाढवायचो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्ही कचेरीतून तेच करत होतात, मला बरं वाटावं म्हणून. हजार झाले तेव्हा आपण पेढ्यांची पेटी फोडली आणि पेढे खाताना एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मग ती दुधाची बाई आली. आता बारा वर्षांनी मी शांतपणे लिहितो, तुम्हीही शांतपणे वाचा. बाई घराबाहेर, दार आपटून लागलेलं, किल्ली आत, गॅसवर दूध. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर तिने आपली साइट उघडली, तर तिथेही बंद दार! आधीच एका दाराबाहेर उभी असलेली बाई, तिला आपण दुसऱ्या दाराबाहेर उभं केलं. फोन नंबर आत. ती सात किल्ल्या लावत बसली, बरोबरची सहावी निघाली, आणि मी तिच्या घरी पोचलो तेव्हा दुधाचा कोळसा झालेला. काळं पातेलं घेऊन ती दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हणून मी त्या रविवारी तुम्हाला फक्त एवढंच म्हणालो की नंबर दाराबाहेर लिहू. (बरं, 'फक्त एवढंच' नाही. 'तुमच्या दारापायी माझं दुकान बसेल' हेही म्हणालो. आणि पुलांबद्दल एक वाक्य बोललो, ते इथे परत लिहीत नाही.) तुम्ही म्हणालात, नंबर बाहेर लिहायचा तर दार उघडेल कोण? मी म्हणालो, नका उघडू. तुम्ही चष्म्याचं घर विसरून गेलात ते गेलातच. पुढे निवृत्त झालात, ताईला घेऊन त्या गावी राहायला गेलात. चष्म्याचं घर अजून कॉम्प्युटरच्या वर आहे, पुसून ठेवतो.

नंबर मी बाहेर लिहिलाच नाही. लिहिणार कसा? साइटचा पासवर्ड तुमच्याजवळ! गावातल्या झाडून सगळ्या घरांची कुलुपं मी उघडलेली, बँकेची तिजोरी अडली तरी मला बोलावतात, आणि स्वतःच्या साइटच्या बाहेर मी बारा वर्षं उभा. मेहुणा म्हणून तुम्हाला विचारायला जिभेला हाड नव्हतं, पण नाकाला होतं. पुढे ते फ्लॅश जगभरातून बंद झालं आणि एके दिवशी दाराच्या जागी नुसता करडा चौकोन दिसायला लागला. दार नाही, किल्ल्या नाहीत, करकर नाही. त्या दिवशी मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं. लोकांना सांगितलं पाठ धरली होती.

आता आमची कन्या. तिचा धंदाच वेबसाइटी करण्याचा. वर्षभर मागे लागली आहे, बाबा, ती साइट बघून मला रडू येतं, मी नवी करून देते. तिने नमुना दाखवला. भाऊजी, पांढरंफटक! मी म्हटलं, बाकीचं कुठाय? तर म्हणे, मोकळी जागा हवी, डोळ्याला श्वास घेता आला पाहिजे. (माझा डोळा कधी श्वास घेतो मला माहीत नाही.) कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, त्या दाबल्या की यादी उघडते. रेघा दाबायच्या हे कुणाला कळणार? म्हणे सगळ्यांना कळतं. आत जाण्याआधी एक पाटी येते, तुमची माहिती ठेवू का म्हणून. ती हाकलली की खालून एक चौकट उगवते आणि 'नमस्कार, मी काय मदत करू?' विचारते. मी नमस्कार लिहिला, घरचे कसे आहेत विचारलं. ती म्हणाली, मला समजलं नाही. मग ती काढायला लावली. आपल्या सरकत्या पट्टीने निदान असं तोंड वर करून विचारलं नव्हतं.

मी वर्षभर नाही म्हणत होतो, कारण माझ्याजवळ पुरावा होता. तो आकडा अजून चालू आहे, आणि रोज दोनने वाढतो! एक मी, सकाळी दुकान उघडलं की उघडतो. पण दुसरा? मी छाती काढून पोरीला सांगितलं, एवढी मोडकी साइट, तरी रोज एक गिऱ्हाईक येऊन जातं. तिने त्या आकड्यावरच काय काय बटणं दाबली (त्याला पासवर्ड लागत नाही म्हणे) आणि म्हणाली, बाबा, रोज नवा माणूस नाही, तो एकच माणूस आहे. रोज सकाळी सव्वासातला येतो. आतोबांच्या गावातून.

मी म्हटलं, त्या गावात पुष्कळ लोक राहतात. ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी मध्ये अकरा दिवस तिथून कुणीच आलं नव्हतं. मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरात बघितलं नाही, गरजच नव्हती. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते अकरा दिवस मला आठवतात भाऊजी, कारण आकडा एकनेच वाढायला लागला म्हणून मी साइट दोनदा उघडत होतो. का, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. आणि गेल्या वर्षी मी चार दिवस तापाने पडलो होतो, कुणाला कळवलं नव्हतं, तर तिसऱ्या दिवशी ताईचा अवचित फोन, 'काय रे, बरा आहेस ना, सहजच केला.' त्या दिवशी रविवार नव्हता. मागे कुणी खोकतही नव्हतं. श्वास धरून बसला होतात की काय?

तुम्ही रोज एक करडा चौकोन बघायला येता. मीही तेच. आपण दोघं बारा वर्षं एका बंद दाराशी रोज सकाळी येऊन एकमेकांना न भेटता परत जातो आहोत. पोरीसमोर मी किल्ली घासायला घेतली आणि गिऱ्हाइकाची किल्ली नको तेवढी घासली.

म्हणून हे पत्र. सोमवारी सव्वासातला तुम्ही उघडाल आणि जांभळं काहीच नसेल, सगळं पांढरं दिसेल, तेव्हा घाबरू नका. मी मेलो नाही, आणि दार मी रागाने काढलेलं नाही. तुम्हाला तसं वाटू नये, एवढीच मला काळजी लागून राहिली होती. बाकी पासवर्ड पाठवावा ही नम्र विनंती, जुन्या सगळ्या वस्तू पोरीला नव्या साइटवर न्यायच्या आहेत. ताईस नमस्कार, तिच्या मानेस विश्रांती.

आपला (मधली बारा वर्षं वगळून) आज्ञाधारक,
ताईचा धाकटा

ता. क. : पासवर्ड पाठवू नका. वरचं लिहून पत्र पडून होतं, तेवढ्यात मंगळवारी तो सापडला. ताईची जन्मतारीख लावून पाहिली, तुमच्या स्कूटरचा नंबर लावला, पोरीने पुलांची नावं लावली. शेवटी मी वैतागून दुकानाचा फोन नंबर लावला आणि उघडलं. जो नंबर तुम्ही दाराबाहेर लिहू देत नव्हतात, तोच तुम्ही दर रविवारी बोटांनी लिहीत होतात! वरची सगळी विनंती त्यामुळे रद्द, पण एवढं लिहिलं आहे तर कागद फाडवत नाही.

ता. क. २ : आत करकरीची मूळ फीत सापडली, न कापलेली. सतराही वेळा आहेत. नवव्या वेळेला तुम्ही म्हणता, 'जरा दुःखी करकर दे रे', आणि मग आपण दोघं जे हसतो ते थांबतच नाही. पोरीने ऐकलं आणि म्हणाली, दार नव्या तंत्रात परत करता येईल, मोबाइलवर बोटानेसुद्धा किल्ली लावता येईल, फक्त कागदावरची मूळ चित्रं हवीत. ती तुमच्याजवळच असणार, तुम्ही काही टाकत नाही. पोस्टाने पाठवू नका, पोस्टात घड्या पडतात. स्वतः घेऊन या. चष्म्याचं घरही न्यायचं आहे.

ता. क. ३ : हल्ली कुणी आकडा ठेवत नाही, असं पोरगी म्हणाली. मी जेवलो नाही, तेव्हा तिने ठेवला, जुना होता तिथूनच पुढे. आणि हो, हे लपवून उपयोग नाही: फोन नंबर मी दाराबाहेरच लिहिला आहे, केवढातरी मोठा, पिवळ्या अक्षरांत. तुम्हाला तो मुळीच आवडणार नाही. भांडायला का होईना, त्यावर फोन करा. ताईला उठवू नका, मीच उचलीन.